झोपाळू भात

पाथरगावच्या कॉलेजात बाहेरून मागवलेली रसायनं पोचेपर्यंत सत्र संपायचं. त्यामुळे हेमांगी नार्वेकर जीवशास्त्र शिकवायची ते हाताशी असेल त्यावरच. जंतू वाढवायला तयार भुकटी मिळाली नाही तर ती उकड्या तांदळाच्या पेजेत चायना ग्रास घालून बशीत थिजवायची. निर्जंतुक करायला घरचा कुकर. आणि वनस्पती बघायला कॉलेजच्या मागचा सडा. जांभ्या कातळाचा तो विस्तीर्ण माळ पावसाळ्यात निळ्या-पिवळ्या फुलांनी भरायचा आणि दिवाळीनंतर तव्यासारखा तापायचा.

"पुस्तकातलं रोप परदेशातलं आहे," पहिल्याच तासाला ती मुलांना सांगायची. "ते तुम्हाला कधी भेटेल न भेटेल. पायाखाली काय आहे ते आधी बघा."

सड्याच्या भेगांत बोटभर उंचीचं एक गवत उगवायचं. पाऊस सरला की ते इतकं वाळायचं की चिमटीत धरलं तर त्याची पूड व्हावी. पण ते मेलेलं नसायचं. भर मार्चमध्ये उपटून आणलेला झुपका पाण्यात ठेवला की दुसऱ्या दिवशी हिरवागार. दर वर्षी मुलं चकित व्हायची, चित्र काढायची आणि प्रॅक्टिकल संपायचं.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाला असलेल्या तहुरा सोलकरने चित्र काढलं नाही. ती झुपक्याकडे बघत बसली होती.

"मॅडम, हे गवत एकटंच करतं का हे सगळं? की मुळाशी कोणी मदतीला आहे?"

हेमांगीला उत्तर माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं आणि म्हणाली, "शोध की."

तहुराने शोधलं. मुळं औषधाने धुऊन निर्जंतुक केलेलं गवत वाळल्यावर पुन्हा जागं होत नव्हतं. मग तिने दुसऱ्या झुपक्याची मुळं साध्या पाण्यात खळबळली; त्या पाण्यातून विकतच्या माध्यमावर काहीच उगवलं नाही. पेजेच्या बशीत मात्र हळदीच्या शिंतोड्यांसारखे बारीक ठिपके उमटले. तिने ते भाताच्या रोपांच्या मुळांना लावून बघितले. मग दिवाळीची सुट्टी लागली, रोपांचे ट्रे खिडकीत तसेच राहिले आणि पाण्यावाचून करपून गेले. सुट्टीनंतर फेकण्याआधी माती सैल व्हावी म्हणून तिने त्यांवर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी ती हेमांगीला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेली. ठिपके लावलेल्या ट्रेमधलं भात हिरवं झालं होतं.

"हे मेलं होतं मॅडम. मी स्वतः बघितलं होतं."

हेमांगी ट्रेसमोर उभी राहिली आणि तिला एकदम रडू आलं. इतकी वर्षं त्या सड्यावर ती चालली होती, आणि विचारायला हवा तो प्रश्न या मुलीने विचारला होता.

*

त्या जीवाणूचं काम समजायला पुढे काही वर्षं गेली. तहुरा पुण्याच्या संशोधन संस्थेत गेली आणि तिथून तिने ते जगासमोर मांडलं.

पेशीतलं पाणी गेलं की पेशी चुरगळते, तिची आवरणं फाटतात, आणि मग वरून कितीही पाणी घाला, उपयोग नसतो. सड्यावरचं गवत वाळताना पेशींत एक साखर भरून घेतं. गुळाचा पाक आटत आटत काचेसारखा कडक व्हावा तशी ती साखर घट्ट होते आणि पेशीतला एकेक भाग जागच्या जागी थिजवून ठेवते. पाणी मिळालं की काच विरघळते आणि पेशी जिथे थांबली होती तिथून पुढे चालू लागते. ही युक्ती नवी नाही. धान्याचा प्रत्येक दाणा तेच करतो, म्हणूनच तो कणगीत वर्षभर टिकतो. म्हणजे भाताला झोपायचं कसं ते ठाऊक असतं, पण फक्त दाण्यात; पानात ते ही विद्या विसरतं. पिवळा जीवाणू मुळाशी राहून ओल कमी झाली की झोपायचा निरोप देतो आणि ओल परतली की उठायचा. विसरलेलं शिक्षण तो पानांना परत शिकवतो.

तो काळही असा होता की असं काही सापडायलाच हवं होतं. पाऊस पडायचा, पण ऐन श्रावणात महिना महिना गडप व्हायचा. लावणी झालेलं भात उभ्याने जळायचं. कोकणात लोकांनी मळे ओस टाकले होते आणि रेशनवरचा तांदूळही अर्ध्यावर आला होता. जीवाणूची भुकटी बाजारात आली आणि दोन हंगामांत किनाऱ्यापासून घाटापर्यंत पोचली. पाऊस गेला की शेतं तपकिरी व्हायची, आला की रातोरात हिरवी. लोक हसत त्याला झोपाळू भात म्हणू लागले.

तहुराचे वडील अश्रफभाई पाथरगावातच भाताचा मळा करायचे. भरलेली कोठी त्यांनी हेमांगीला घरी बोलावून दाखवली.

"बाई, माझ्या पोरीला तुम्ही दगडावर शिकवलंत," ते म्हणाले, "आणि दगडातनं भात काढलात."

*

हेमांगीचा नवरा श्रीरंग फणसांत रमलेला माणूस होता. अश्रफभाईंच्या मळ्याच्या वरच्या अंगाला, उतारावर, त्याची बाग होती; तिच्या कडेचा पऱ्या, म्हणजे ओढा, खाली मळ्यात उतरायचा. कोकणभर हिंडून त्याने कापे आणि बरके फणस गोळा केले होते, कलमं बांधली होती. कोणाच्या परसातलं झाड तोडायचं ठरलं की तो आधी जाऊन त्याची काडी घेऊन यायचा. ज्यांची मूळ झाडं केव्हाच गेली होती असे कितीतरी फणस आता फक्त त्याच्या उतारावर उरले होते. मूल नव्हतं; लोक म्हणायचे, याला कशाला हवं, याचं कुटुंब मोठं आहे.

एका कार्तिकात तो कॉलेजात आला. तो कॉलेजात कधी यायचा नाही.

"वरच्या दोन झाडांची पानं मिटलीत," तो म्हणाला. "गळत नाहीत. नुसती मिटून लोंबतायत."

हेमांगी त्याच्याबरोबर गेली. पानं तपकिरी होती, कडेने आत वळलेली. चिमटीत धरल्यावर पूड झाली. तिने मुळाशी उकरून माती घेतली आणि पेजेच्या बशीत पसरली. तिसऱ्या दिवशी बशी हळदीसारखी पिवळी झाली. भुकटीतला जीवाणू मळ्यातून वर चढला होता.

"म्हणजे झोपलंय," श्रीरंग म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. "मेलेलं नाही. पाऊस आला की उठेल."

पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा तो त्या झाडांकडे जात राहिला. फांदीला हात लावून यायचा. घरी त्यांच्याबद्दल आजाऱ्याबद्दल बोलावं तसं हळू बोलायचा. जूनमध्ये पाऊस आला, लागून आला. खालच्या मळ्यात भात लावून झालं. फणसांची पानं भिजली, जड झाली आणि देठासकट खाली पडली. त्याने नखाने साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं.

हेमांगीने फांदीचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मग तहुराला फोन लावला.

"झाडांवर चाचण्या झाल्या होत्या ना?"

"झाल्या होत्या, मॅडम." तहुरा सावकाश बोलत होती. "कुंडीतल्या रोपांवर. ऐन, किंजळ, साग. सगळी झोपली, सगळी उठली."

"कुंडीतली. हातभर उंचीची."

तहुरा हुशार होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. पण हेमांगीने ते सांगितलं, कारण कोणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं.

झाडाच्या खोडात पाण्याच्या केसाहून बारीक धारा मुळापासून शेंड्यापर्यंत अखंड ताणलेल्या असतात. वरच्या पानांतून पाणी उडतं आणि ती ओढ खालचं पाणी वर आणते. धार एकदा तुटली, मध्ये हवा शिरली, की बोटभर गवत ती मुळाच्या जोरावर पुन्हा भरू शकतं. चाळीस फुटांचं झाड नाही भरू शकत. म्हणून सड्यावर झोपून उठणारं गवत आहे, झोपून उठणारा वृक्ष जगात कुठेही नाही. त्यात फणसाला झोपायची विद्या बीमध्येसुद्धा नाही. वाळलेली आठळी रुजत नाही हे कोकणात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जीवाणूचा निरोप झाडाला समजत होता. तो पाळून पुन्हा उठणं त्याला जमत नव्हतं.

"आंब्यालाही नाही जमणार," तहुरा म्हणाली. "कोकमाला. जांभळाला." आणि मग, "मॅडम, घाटातून उन्हाळ्यापासून तपकिरी जंगलाचे फोटो येतायत. आम्हाला वाटलं वणवा आहे."

*

जिथे एखादा जीव राहतो तिथेच त्याला खाणाराही राहतो, हे हेमांगी दर वर्षी शिकवायची. जीवाणूंना खाणारे विषाणू असतात, इतके लहान की साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. दिसतं ते त्यांनी केलेलं काम. सड्यावर पिवळा जीवाणू हजारो वर्षं होता आणि तरी त्याने खालचं जंगल कधी गिळलं नव्हतं. त्याला कोणीतरी कातळावरच अडवून धरलं होतं. भुकटी करताना लोकांनी एकट्या त्याला उचलून नेलं होतं.

जुलैभर ती सड्यावरच्या डबक्यांचं पाणी आणून पिवळ्या बशांवर थेंब थेंब टाकत राहिली. शेवटी एका बशीत पिवळ्यामध्ये स्वच्छ गोल खिडक्या उघडल्या. विषाणू सापडला होता. प्रयोगशाळेतल्या कुंडीत, पाणी तोडल्यामुळे मिटायला लागलेल्या एका कोवळ्या फणसाच्या मुळाशी तिने तो घातला. आठवड्यात पानं सरळ झाली.

श्रीरंगने त्या दिवशी तिला मिठी मारली. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने दिवसाउजेडी, अंगणात, असं कधी केलं नव्हतं.

पण तोवर श्रावण लागला होता आणि पाऊस गडप झाला होता. खाली मळा तपकिरी होऊन झोपला. वर बागेत एकामागून एक झाड मिटू लागलं. श्रीरंग रोज सकाळी मिटलेली झाडं मोजायला जायचा. एका दुपारी तो प्रयोगशाळेत आला. टेबलावर विषाणूने भरलेले चार चंबू होते.

"आज घालूया," तो म्हणाला.

"नाही घालता येणार."

"फक्त आपल्या बागेत. बाकी कुठे नको."

"श्रीरंग, बागेतलं पाणी पऱ्याला जातं. पऱ्या मळ्यात उतरतो. पाऊस आला की पहिल्या सरीबरोबर हा भाताच्या मुळाशी पोचेल. उठायचा निरोप द्यायला तिथे जीवाणूच उरला नाही तर ते भात उठणार नाही. तिथून पुढच्या गावाला जाईल. मग त्याच्या पुढच्या. यंदा भुकटीशिवाय भात लावलंय कोणी?"

"मला माहीत आहे."

"खाली अश्रफभाईंचा मळा आहे."

"कोणाचा आहे ते मला माहीत आहे, हेमांगी!" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी चोवीस वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांच्याबरोबर चहा पितोय. तू मला सांग, मी काय करू? रोज एक झाड माझ्या डोळ्यांसमोर पानं मिटतंय. आणि औषध माझ्या बायकोच्या टेबलावर आहे."

तिने चंबू कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. किल्ली तिने पर्समध्ये टाकली. तो ते बघत होता. कुलूप त्याच्यासाठी लावलं होतं हे दोघांनाही कळलं.

"भात कापून होईपर्यंत थांब," ती म्हणाली. "मग मी स्वतः घालीन. शब्द देते."

"मग कशावर घालशील?" तो म्हणाला आणि निघून गेला.

भाद्रपदात पाऊस परतला. दोन दिवसांत मळा असा हिरवा झाला की डोळे दिपावेत. उतारावर त्याच पावसात फणसांची पानं भिजली, जड झाली आणि गळू लागली. महिनाभर ती गळत होती. श्रीरंग घराबाहेर पडला नाही. एकदा फक्त त्याने विचारलं, "कापा कुठला आणि बरका कुठला, आता कसं ओळखणार?"

*

दिवाळीनंतर अश्रफभाई डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन वर आले. दर वर्षी ते नवा तांदूळ आणायचे. अंगणात आल्यावर त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि बागेकडे बघत उभे राहिले. त्यांनी ती खालून पाहिली होती, जवळून नाही.

"या अल्लाह," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही?"

"नाही," श्रीरंग म्हणाला.

"औषध नाही का काही यावर? तहुरा म्हणत होती बाई शोधतायत म्हणून."

हेमांगी दारात उभी होती. श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं नाही.

"वेळेत मिळालं नाही," तो म्हणाला. "बसा. चहा टाकतो."

तहुरा त्या आठवड्यात पुण्याहून कॉलेजच्या प्रयोगशाळेत आली ती सरकारचा निर्णय घेऊन. ती वाळली होती. बोलताना खुर्चीच्या कडेला बसली होती, जशी ती विद्यार्थिनी असताना बसायची.

"विषाणू सोडायचा नाही म्हणतायत. कधीच नाही. जितका असेल तितका नष्ट करायचा."

"आता शेतं रिकामी आहेत, तहुरा. आता सोडला तर घाटातलं उरलेलं जंगल तरी राहील."

"आणि पुढच्या श्रावणात?" तहुराने मान वर केली. "मी बैठकीत होते, मॅडम. मी भांडले. एका बाईने मला विचारलं, झाडं वाचवली तर लोकांना काय खायला घालणार? मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?"

हेमांगीने कुलूप लावलेल्या कपाटाकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षीही हेच म्हणतील," ती म्हणाली.

"दर वर्षी म्हणतील. आणि दर वर्षी बरोबर असतील." तहुरा रडू लागली. "मी फक्त विचारलं होतं, मॅडम, मुळाशी कोण आहे म्हणून."

हेमांगीने तिला जवळ घेतलं. ते विचारायला तिनेच शिकवलं होतं. मग तहुराने डोळे पुसले आणि जाताना म्हणाली, "मी चंबू बघितले नाहीत. किती आहेत ते मी लिहून दिलेलं नाही. तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी एक चंबू पिशवीत घालून पऱ्याच्या उगमाशी गेली. वरचं जंगल अर्धं तपकिरी होतं. उरलेल्या अर्ध्यात ऐन होते, जांभळी होत्या, एका फांदीवर धनेश पक्ष्यांची जोडी बसली होती. ढोल्यांची झाडं वठली की ते पक्षीही जाणार होते. तिने चंबूचं बूच काढलं. पाणी पायाशी वाहत होतं, मनगट वळवायचाच काय तो अवकाश होता.

खाली गाव दिसत होतं. खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचल्या होत्या. ओस पडलेली दोन घरं यंदा उघडली होती. मुंबईला गेलेली माणसं परत आली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून धूर निघत होता आणि भात शिजण्याचा वास वाऱ्याबरोबर वर येत होता. जंगल वाचवायचं तर यातलं कुठलं पोर उपाशी ठेवायचं ते तिला निवडायचं होतं, किंवा न निवडता नुसतं मनगट वळवायचं होतं. ती खूप वेळ उभी राहिली. धनेश उडून गेले. तिने बूच परत लावलं.

कॉलेजात येऊन तिने चारही चंबू कुकरमध्ये ठेवले आणि गॅस पेटवला. शिट्ट्या मोजायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. शिपायाने येऊन गॅस बंद केला.

*

वैशाखात श्रीरंगने झाडं तोडायला माणसं लावली. पिवळंधमक लाकूड निघालं. अश्रफभाई मदतीला रोज येत होते. बुंधे उपसून झाल्यावर उतार अगदी उघडा पडला. घरातून आता थेट मळा दिसायचा.

एका सकाळी हेमांगी उठून बाहेर आली तर दोघं मिळून उताराला बांध घालत होते. पायऱ्यापायऱ्यांनी जमीन सपाट होत होती. श्रीरंग उन्हाने काळा पडला होता. तिला बघून तो घाम पुसत वर आला. आठ महिन्यांत तो आपण होऊन तिच्यापाशी आलेला हा पहिलाच दिवस होता.

"ऊन चांगलं येतं आता इथे," तो म्हणाला.

"हो."

"अश्रफभाई म्हणतात, भात होईल." तो पायाने ढेकूळ फोडत राहिला. तिच्या डोळ्यांत बघायचं टाळत होता, पण आवाजात राग नव्हता. तिला तो राग हवा होता. "तालुक्याला जाणार आहेस ना आज? येताना भुकटीचं एक पाकीट आण."

मग आत जाऊन तिने पिशवी घेतली.